तीस इंचांचं पाऊल

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी ओट्याचा दगड स्वयंपाकघरात आला आणि भिंतीला बसला नाही.

चौघांनी तो उचलून आणला होता. एक टोक खिडकीकडच्या कोपऱ्यात टेकलं, तेव्हा दुसरं टोक मागच्या दारात घुसलं. बरोबर एक फूट. दगडवाल्याने खिशातून चिठ्ठी काढली, वाचली, पुन्हा वाचली. चिठ्ठीत दहा फूट होतं. दगडही दहा फूट होता. कोपऱ्यापासून दारापर्यंतची भिंत मात्र नऊ फूट निघाली.

"चिठ्ठी तुमच्या हातची आहे, ताई," दगडवाला म्हणाला. "मी फक्त कापतो."

ताईने चिठ्ठी हातात घेतली. तेवीस वर्षं ती सुतारकाम करत होती. दुसऱ्याने घेतलेल्या मापावर तिने कधी करवत चालवली नव्हती. गिऱ्हाईक स्वतः इंजिनियर असलं तरी त्याच्या देखत पुन्हा टेप लावायची आणि त्याच्या तोंडाकडे बघायचंही नाही, ही तिची पद्धत. या नियमाला जगात एकच अपवाद होता: धाकटा भाऊ. घरात आणि गल्लीत त्याला जवान म्हणत. तो चार वर्षांचा असताना डोक्यावर पातेलं घालून फाटकात पहारा द्यायचा, तेव्हापासून. पुढे तो खरोखरच लष्करात गेला, पूल बांधणाऱ्या तुकडीत, तरी नाव बदलायची कोणाला गरज वाटली नाही.

जवानाचं माप टेपने नसायचं. पावलाने असायचं. कवायतीच्या मैदानावर एकोणीस वर्षं घोटलेलं पाऊल, तीस इंचांचं. नव्या पोरांना चाल शिकवताना अधिकारी त्यालाच पुढे उभं करत. जमेल त्या बदलीच्या गावात तो चांगल्या गल्लीतलं सगळ्यात वाईट घर शोधायचा, कर्ज काढून घ्यायचा, बायकोसोबत त्यात राहून ते दुरुस्त करायचा आणि पुढची बदली आली की भाड्याने देऊन टाकायचा. भाड्यातून हप्ता जायचा. घर बघायला मिळायचा अर्धा तास, तोही जुन्या मालकाच्या कपाळावर आठ्या असताना. तेवढ्यात तो भिंतीकडेने चालून यायचा आणि कागदावर पावलं लिहून ताईला पाठवायचा. ताई त्याला तीसने गुणायची आणि आपल्या कारखान्यात दारं, खिडक्या, फळ्या करून ठेवायची. तीन घरं अशीच झाली. दुसरं घर घेतलं म्हणून सगळ्यांची तोंडं वर्षभर वाकडी होती, पण तिथलीसुद्धा खिडकी चौकटीत अगदी चपखल बसली होती.

हे चौथं घर. यावेळी ते त्यांच्याच गावात होतं, ताईच्या कारखान्यापासून चालत दहा मिनिटांवर. जुन्या मालकाने दहा दिवसांपूर्वी किल्ल्या दिल्या. आज चार वाजता तळमजल्यावर भाडेकरू यायचे होते.

"आता काय?" दगडवाल्याने विचारलं.

"आता चहा," ताई म्हणाली. "आणि मला जरा एकटीला सोडा."

तिने टेप काढला. बाहेरची खोली, कागदावर सहा पावलं. म्हणजे पंधरा फूट. टेपवर साडेतेरा. बोळ, कागदावर दहा पावलं, पंचवीस फूट. टेपवर साडेबावीस. बोळाच्या कडेची लाकडी पट्टी परवा अडीच फूट उरली होती. तेव्हा तिने स्वतःशीच म्हटलं होतं, चला, हात सैल सुटला. बाहेरच्या खोलीतल्या फरश्या उरल्या तेव्हा तिने दुकानदाराला फोन करून नको ते ऐकवलं होतं.

ती उरलेल्या फरश्यांच्या ढिगावर बसली. चूक म्हटली की ती वेडीवाकडी असते. कुठे इंच जास्त, कुठे दोन कमी. ही चूक सरळ होती. प्रत्येक पावलाला तीन इंच. पाऊल मोजण्यात चुकलं नव्हतं, पाऊलच सत्तावीस इंचांचं झालं होतं.

आणि माणूस कारण नसताना लहान पाऊल टाकत नाही. निदान हा माणूस नाही.

*

काका पुढच्या खोलीत खिडकीला पडदे लावत होते. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, आयुष्यभर शिंपी. दोन्ही ओठांत टाचण्या धरून बोलण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. जवानाच्या घरं घेण्याला त्यांचा पहिल्यापासून विरोध होता आणि पहिल्यापासून प्रत्येक घराचे पडदे त्यांनीच शिवले होते.

"काका, जवानाच्या पायाला काय झालंय?"

टाचण्या हलल्या नाहीत. हाच पुरावा होता. एरवी काकांनी एव्हाना तीन वाक्यं टाकली असती.

"काका."

काकांनी एकेक टाचणी काढून पडद्याला टोचली. चार होत्या. "मी शब्द दिलाय," ते म्हणाले.

"कोणाला?"

"तेही सांगितलं तर शब्द कसला राहिला?" मग त्यांना राहवेना. "हे बघ, मी शिंपी आहे. डॉक्टर नाही. कोणी पँट पाठवली आणि म्हणालं डावा पाय गुडघ्याजवळ दीड इंच सैल करा, तर मी सैल करतो. का म्हणून विचारत नाही."

"दीड इंच?"

"आतून पट्टा बसेल एवढा," काका म्हणाले आणि जीभ चावली.

"कधी?"

"सहा महिने झाले असतील. दोन पँटी. सिस्टरने पाठवल्या होत्या." सिस्टर म्हणजे जवानाची बायको. ती नर्स होती, आणि लग्न होऊन आली त्या दिवसापासून सासरी तिला याच नावाने हाक मारत. "आणि मी तुम्हाला पहिल्या दिवसापासून सांगतोय, मापाला टेप असतो. मी कधी गिऱ्हाइकाला म्हटलंय का, दोन ढांगा टाका, कोट शिवतो?"

"काका, तुम्ही सहा महिने रोज माझ्याकडे जेवताय."

"म्हणून तर खाली मान घालून जेवतोय!"

दारात आई उभी होती. हातात ब्रासो लावलेलं फडकं, दुसऱ्या हातात दाराची पितळी मूठ. चाळीस वर्षं पोस्टात काम केलेली बाई. बंद पाकिटाच्या जाडीवरून आत काय असेल ते सांगायची.

"भाऊजी," ती म्हणाली, "मलाही नाही सांगितलंत."

"वहिनी, तुम्हाला सांगायचं म्हणजे गावाला..." काकांनी वाक्य तिथेच सोडलं. ते शहाणपणाचं होतं.

आईने मूठ फरशीवर ठेवली. "माझा मुलगा लंगडतोय आणि तुम्ही त्याच्या घराला भाडेकरू शोधताय. हा तळमजला त्याचा. वरच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत, मी मोजल्यात. त्या बेकरीवाल्या बाईला फोन करा आणि नाही म्हणून सांगा."

"आई, तिच्या वडिलांना काठी लागते. तळमजला मिळाला म्हणून ती खोली सोडून येतेय. तिचं सामान गाडीत भरलंय."

"मग वर जाऊ दे त्यांना."

"काठीने? सतरा पायऱ्या?"

 आईने मूठ उचलून ती इतक्या जोरात घासायला घेतली, की काका दोन पावलं मागे सरकले.

ताई मागच्या अंगणात गेली. तिथे एक शेड होती. जुना मालक त्यात सायकली आणि मोडकं सामान ठेवायचा. घर बघायला ती आली नव्हती, पण किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी तिने सगळ्यात आधी ही शेड झाडली. कोणाला न सांगता भिंतीत दोन खुंट्या ठोकल्या, शेजारी शेजारी, एप्रन अडकवता येतील अशा. दोन. लहानपणी दोघांनी मिळून एक बाक केला होता, तीन पायांचा, कारण चौथ्याला लाकूड पुरलं नाही. मोठेपणी दोघांचं दुकान काढायचं, असं त्या बाकावर बसून ठरलं होतं. त्यानंतर तो लष्करात गेला. बाक अजून तिच्या कारखान्यात होता. एकोणीस वर्षांत तिने एकदाही "परत ये" म्हटलं नव्हतं. तसं म्हणणारी माणसं तिला आवडत नसत.

गुडघा गेला असेल तर तो येईल. हा विचार मनात आला आणि तिला स्वतःची लाज वाटली. तिने दोन्ही खुंट्या हलवून बघितल्या. पक्क्या होत्या.

*

सव्वाअकराला टॅक्सी फाटकाशी थांबली.

फाटकापासून दारापर्यंतची वाट सत्तावीस फूट होती. ताईने आधीच मोजून ठेवली होती. तीस इंचांच्या पावलाने अकरा पावलंही लागली नसती. ती दारात उभी राहिली. जवान उतरला, बॅग खांद्यावर घेतली आणि हसत, ताठ, अगदी मैदानावर चालावं तसा चालत आला. लंगडणं दिसत नव्हतं. मागून सिस्टर दोन पिशव्या घेऊन येत होती आणि तिची नजर त्याच्या डाव्या गुडघ्यावर होती.

"बारा," ताई म्हणाली.

"काय बारा?"

"पावलं. सत्तावीस फूट, बारा पावलं. आत ये, तुझा दगड बघ."

जवानाने दगड बघितला. मागचं दार बघितलं. मग बोळात गेला, पट्टीचा उरलेला तुकडा उचलला आणि परत आला. त्याचे कान लाल झाले होते.

"मला वाटलं घर मोठं आहे," तो म्हणाला. "मी तिकडे सगळ्यांना सांगत सुटलो, ऐसपैस घर मिळालं म्हणून."

काकांना हसू फुटलं. ते टाचण्यांशिवाय हसले म्हणून बरं झालं. मग दगडवाला हसला, मग सिस्टर, आणि तिचं हसू थांबेना. ती पिशव्या खाली ठेवून ओट्याच्या दगडावरच बसली. "रोज रात्री मला सांगायचा," ती म्हणाली, "गुडघ्याने काही फरक पडलेला नाही, कोणाला कळणारसुद्धा नाही. आणि इथे एक फूट जास्त लांब दगड कापून ठेवला!"

आई हसली नाही. "कुठे पडलास?"

जवानाने ताईकडे बघितलं आणि नजर फिरवली.

"पुलावरून?" आईने विचारलं. "सराव करताना?"

"नाही गं."

"मग?"

"तिसऱ्या घरात. सात महिने झाले. भाडेकरूच्या छताला पोपडे आले होते. सुट्टीवर होतो, म्हटलं रंग देऊन टाकू. शिडीवरून पडलो."

कोणी काही बोलायच्या आत ताईला कळलं. "कोणती शिडी?"

"सोड ना, ताई."

"माझी शिडी?"

"तिसरी पायरी," तो म्हणाला. "पण माझ्या हातात रंगाची बादली होती. आणि तू सांगितलंच होतंस, ती पायरी बदलायची आहे म्हणून. मी म्हटलं होतं, बदलतो. म्हणजे चूक माझी. आता याच्यावर तू विचार करत बसणार, ते मला नको होतं, म्हणून..."

"म्हणून काकांकडून पँट सैल करून घेतलीस."

"एकोणीस वर्षं पूल बांधले," काका छताकडे बघत म्हणाले, "नदीत पडला नाही. पडला कुठे, तर भाडेकरूच्या दिवाणखान्यात."

"सोफ्यावर पडलो असतो तर वाचलो असतो. भाडेकरूने सोफा आदल्याच दिवशी हलवला होता."

आता आईसुद्धा हसली. पण तिने हसता हसता त्याचा दंड धरला आणि सोडला नाही.

ताई हसली नाही. ती त्या पायरीचा विचार करत होती: शिसवी, एका बाजूला गाठ असलेली. गाठ तिने बघितली होती. ती जवानाजवळ गेली आणि त्याच्या डोक्यात एक टपली मारली, तो नऊ वर्षांचा असताना मारायची तेवढ्याच जोराने.

"पुढच्या वेळी मला शिडीचं सांगायचं. शिडीचं आधी आणि गुडघ्याचं नंतर."

"आज्ञा," तो म्हणाला.

*

दगडवाला मशीन घेऊन बसला आणि अंगणभर पांढरी धूळ उडाली. एक फूट कापून वेगळा झाला. बाकीचा नऊ फूट दगड दीड वाजता ओट्यावर बसला. ताईने त्याच्यावर लेव्हलची काचनळी ठेवली, बुडबुडा मधोमध आला.

राहिलेले सिंकचे नळ जवानाने ओट्याखाली झोपून जोडले. उठताना सिस्टरने हात पुढे केला आणि त्याने तो, सगळ्यांच्या देखत, सात महिन्यांत पहिल्यांदा धरला. तेव्हाच तिने सांगून टाकलं.

"आज सहाच्या आत याने साहेबांना फोन करायचा आहे. डॉक्टरांनी मैदान बंद केलंय. आता दोनच वाटा. एक तर लष्कराच्या कोठारात टेबलावरचं काम, आणखी पाच वर्षं. नाही तर महिनाअखेर सुट्टी, कायमची."

"अगं, हे काय आत्ता सांगतेस!" आई म्हणाली. "येऊ दे की त्याला. हा तळमजला..."

"आई, तळमजला दिलाय," ताई म्हणाली.

"आणि कोठारात काय वाईट आहे?" सिस्टर म्हणाली. सगळे तिच्याकडे बघत राहिले. अकरा बदल्या, त्यात आठ सरकारी खोल्या, त्यांतल्या एकाही भिंतीला मनासारखा रंग नाही. सगळे धरून चालले होते की ती सुटकेची वाट बघत असेल. "ते कोठार आहे तिथे आम्ही एक घर बघून ठेवलंय. छप्पर गेलेलं. भिंती मात्र एक नंबर. छप्पर गेलेलं असलं की मालक लवकर हो म्हणतो."

"ही तुझीही खोड आहे?" काकांनी विचारलं.

"काका, पहिलं घर सोडलं तर सगळी मीच शोधली. हा फक्त चालतो."

"आणि तेही नीट नाही," काका म्हणाले.

ताईने हातातली पेन्सिल कानामागे अडकवली. पाचवं घर. म्हणजे आणखी पाच वर्षं कागद येणार, त्यावर पावलं येणार, आणि ती सत्तावीसने गुणणार. तिला बोलायचं होतं. ती म्हणाली, "त्याला कोणी ढकलू नका. फोन त्याचा आहे." आणि मागच्या दाराची बिजागरी लावायला गेली.

चारला पाच कमी असताना बेकरीवाली बाई आली. सोबत वडील, काठी, आणि गाडीत पत्र्याचे अठरा साचे. बाईने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि ओट्यावर दोन्ही तळहात ठेवून उभी राहिली. थंड दगडावर बघता बघता तिचे हात कणीक मळल्यासारखे पुढेमागे व्हायला लागले. मग तिला कोपऱ्यात ठेवलेला एक फुटाचा तुकडा दिसला.

"हा टाकणार आहात का?"

"तो चुकीचा आहे," जवान म्हणाला.

"मला द्या. खिडकीत ठेवून त्याच्यावर पीठ लाटीन. एवढाच हवा होता मला." ती वडिलांकडे वळली. "बाबा, बघा, दगडसुद्धा वेगळा कापून ठेवलाय यांनी!"

बाबांनी काठी भिंतीला टेकवली आणि पुढच्या खोलीत, काकांच्या पडद्याखाली, खुर्चीत बसले. जिना त्यांनी वर बघून नजरेनेच मोजला. "वर कोण राहणार?"

"अजून कोणी नाही," आई म्हणाली, आणि जवानाच्या गुडघ्याकडे बघून पुटपुटली, "सतरा."

किल्ल्या तिनेच बाईच्या हातात दिल्या. देताना क्षणभर धरून ठेवल्या. पण दिल्या.

*

साडेपाचला जवान शेडमध्ये आला. ताई तिथे हत्यारं पेटीत भरत होती. त्याने छप्पर बघितलं, जमीन बघितली, दाराला उंबरा नाही हे बघितलं. मग भिंतीवरच्या दोन खुंट्या त्याच्या नजरेला पडल्या. त्याने एक बोटाने दाबून पाहिली.

"दोन कशाला?"

"एकावर एप्रन. दुसऱ्यावर..." ताई थांबली. "दुसऱ्यावरही एप्रन."

त्याने खुंटीवरून बोट काढलं. दारापाशी गेला, पाठ भिंतीला टेकवली आणि चालायला लागला. ताठ नाही. जसा गुडघा म्हणेल तसा. समोरच्या भिंतीशी पोचला. "आठ." मग आडवा चालला. "सहा. लिही."

ताईने कानामागची पेन्सिल काढली. आठ गुणिले सत्तावीस. सहा गुणिले सत्तावीस. "अठरा फूट बाय साडेतेरा."

"मधे एक भिंत घातली तर," तो म्हणाला, "मागे राहायला जागा होईल. एक खोली, मोरी, खिडकी. एकही पायरी नाही. पुढे तुझं मोठं टेबल."

"माझं?"

"टेबल म्हटलं. कोणाचं ते नंतर बघू."

"सिस्टर काय म्हणते?"

"ती म्हणते छप्पर शाबूत आहे, म्हणजे मजा कमी." त्याने फोन काढला. "पण भिंतीला रंग कोणता द्यायचा ते तिने सांगून ठेवलंय. तिकडच्या घराला आणि इकडच्या शेडला, दोन्हीकडे तोच."

तो फोन घेऊन अंगणात गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीत आई, सिस्टर आणि काका दाटीवाटीने उभे होते. काकांच्या तोंडात एकही टाचणी नव्हती आणि तरी ते बोलत नव्हते. ताईने टेपचं टोक दाराशी अडकवलं आणि समोरच्या भिंतीपर्यंत ओढत नेलं. अठरा फूट. वर एक केससुद्धा नाही.

पाच वाजून छप्पन्न मिनिटांनी रिंग गेली. सत्तावन्नला पलीकडून कोणीतरी उचललं, हुद्दा आणि नंबर विचारला आणि साहेबांना बोलावतो, थांबा, असं सांगितलं.

जवान फोन कानाला लावून, डावा पाय जरा सैल सोडून, उभा आहे. ताईने टेप अजून गुंडाळलेला नाही.